खोली तिकडे, वावर इकडे, नाव कुठेच नाही

(नारायणगाव येथे जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. वक्त्या समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीधर असून मुंबईच्या पूर्व उपनगरांतील वस्त्यांमध्ये काम करतात.)



मला दिलेला विषय आहे 'उपनगरातलं रोजचं जगणं'. तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, आमचा त्याच्याशी काय संबंध? आम्ही ओतूर, आपटाळे, घोडेगाव, मंचर नाहीतर डिंभ्याच्या वरच्या वाड्यांतल्या. मग जरा हात वर करा बघू. ज्यांच्या घरातलं कुणी ना कुणी मुंबईच्या बाजूला राहतं, अशा किती जणी आहात? बघा, वर आलेले हात मोजवत नाहीत. खाली राहिलेले मोजणं सोपं आहे.

म्हणजे भांडुप, विक्रोळी, घाटकोपर, दिवा, कल्याण ही आपल्याला परकी गावं नाहीत. आळेफाट्याहून गाडी निघाली, माळशेज उतरली, मुरबाड गेलं की कल्याणपासून आपलीच माणसं भेटायला लागतात. म्हणून मी आज उपनगराबद्दल बोलणार आहे ते तुमच्याच घराच्या दुसऱ्या खोलीबद्दल. मधे घाट आहे, एवढंच.

आपल्याकडचे पुरुष मुंबईला गेले त्याला शंभर वर्षांहून जास्त काळ झाला. १८९० च्या सुमारास सुरू झालेलं डबे पोचवण्याचं काम मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवलं. कुणी गिरणीत लागलं, कुणी बाजारात पोती उचलली. १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला तेव्हा पाठीवर ओझं वाहणाऱ्याला कामगार म्हणून नोंद मिळाली, भविष्यनिर्वाह निधी मिळाला. हा मोठाच विजय होता. पण त्या माथाडीचं गावाकडचं वावर कोण कसत होतं, त्याच्या आईचं दुखणं कोण काढत होतं, याची नोंद कुठल्याही मंडळाच्या वहीत नव्हती.

माझे आजोबा मशीद बंदरला हमाल होते. गावातल्या पंधरा-वीस पुरुषांत मिळून एक खोली, जेवायला खानावळ. वर्षातून दोनदा गावी येत, यात्रेला आणि पेरणीला. आजी विचारणाऱ्याला मोठ्या ऐटीत सांगायची, "आमचे मालक मुंबईला असतात." ती स्वतः आयुष्यात तीनदा मुंबईला गेली. तिन्ही वेळा दवाखान्यासाठी.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. त्यातले किती तरी जण गावी परतले आणि बायकांच्या कष्टांवर घरं तगली. संपाचा इतिहास सांगताना पुढाऱ्यांची नावं येतात. गावाकडे भाकरी थापणाऱ्या बाईचं योगदान येत नाही. आलं पाहिजे.

पुढे बायकाही मुलांना घेऊन मुंबईला जाऊ लागल्या. शहरात जागा नव्हतीच, म्हणून उपनगरात, आणि उपनगरातही डोंगरावर. भांडुप-विक्रोळी-घाटकोपरच्या डोंगरावरच्या या वस्त्यांत मी गेली काही वर्षं काम करते. तिथला एका बाईचा एक दिवस मी घड्याळ लावून लिहून काढला होता. तो सांगते.

पहाटे साडेचारला ती उठली, कारण पाणी पाचला येतं. यायचं तेव्हा येतं, पण न उठून चालत नाही. पाण्याची पाळी चुकली तर दिवस चुकला. चाळीस मिनिटं पाणी. तेवढ्यात पिंप, कळशा, बादल्या भरून, चिंचोळ्या बोळातून तेहतीस पायऱ्या चढून वर. भांडुपलाच मुंबईचं पाणी शुद्ध करणारं मोठं केंद्र आहे आणि त्याच भांडुपच्या डोंगरावर बाई हंड्यासाठी भांडते. तुम्हाला हे नवीन नाही. डिंभे, माणिकडोह, वडज, येडगाव अशी धरणं आपल्या उशाशी, आणि उन्हाळ्यात घाटमाथ्यावरच्या वाड्यांत बाई झऱ्यापाशी वाटी घेऊन बसते. धरण उशाला, कोरड घशाला, ही म्हण तिकडेही तंतोतंत लागू पडते.

मग संडासची रांग. वस्तीचा संडास पायऱ्यांच्या तळाशी. कड्या तुटलेल्या, दिवा नाही. रात्री लागलं तर मुलीला एकटीला पाठवायचं नाही, म्हणून आई उठते. संध्याकाळनंतर पाणी कमी पिण्याची सवय मी तिथल्या कित्येक बायकांत पाहिली. डॉक्टर सांगतात, पाणी जास्त प्या. डॉक्टरांना संडास किती लांब आहे ते माहीत नसतं. रस्त्यावर पुरुषाला मुतारी फुकट आणि बाईला पैसे, या विरुद्ध मुंबईतल्या संघटनांनी २०११ पासून मोहीम चालवली. पुण्याहून गेलेल्या याचिकेवर डिसेंबर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं बांधण्याचे आदेश दिले. हसू नका. ही गोष्ट बोलायची लाज वाटते, म्हणूनच ती इतकी वर्षं तशीच राहिली.

साडेसातला ती गाडीत. पश्चिम रेल्वेवर ५ मे १९९२ ला पहिली महिला विशेष लोकल सुटली. पण आमच्या बाईच्या वाट्याला नेहमीच्या गाडीतला बायकांचा डबा. त्या डब्याची स्वतःची एक रीत आहे. आत शिरल्याबरोबर बसलेल्या बाईला विचारायचं, "कुठं उतरणार?" ती मुलुंड म्हणाली की मुलुंडपासून ती जागा तुमची. लिहिलेलं कुठे नाही, पण सहसा कुणी मोडत नाही. बायका तिथे मेथी निवडतात, वाढदिवस करतात, एकमेकींच्या सुनांबद्दल बोलतात. आणि काही जणी उभ्या उभ्या दांडीला धरून झोपतात. मी एकीला विचारलं, "गर्दीत झोप लागते कशी?" ती म्हणाली, "ताई, हीच वीस मिनिटं मला कुणी हाक मारत नाही."

दिवसभर चार घरची धुणी-भांडी. २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण तिची नोंदणी नव्हती, कारण कुणी सांगितलंच नाही. संध्याकाळी परत तोच जिना, तोच स्वयंपाक. रात्री अकराला दिवा मालवला. मी बेरीज केली. कामाचे तास पंधरा. नवऱ्याला विचारलं, बायको काय करते? तो साधा, कष्टाळू माणूस. म्हणाला, "घरीच असते. दोन-चार कामं करते बाहेरची."

आता त्याच खोलीतली दुसरी वस्तू दाखवते. कोपऱ्यातलं पोतं. त्यात बाजरी असते, कांदे असतात, डाळ असते, वरच्या बाजूला फडक्यात बांधलेला मसाला आणि तांदळाचे पापड. हे पोतं एस.टी.च्या टपावरून नाहीतर टेम्पोतून येतं. ते आलं नाही तर महिन्याचा किराणा भागत नाही. म्हणजे मुंबईची मजुरी जी कमी पडते, ती भरून कोण काढतं? इकडची तुम्ही. आणि इकडे खताला, पंपाला, दीराच्या मुलाच्या फीला जे पैसे येतात, ते कोण पाठवतं? चार घरची भांडी घासणारी ती. दोन्ही घरं एकाच शिवणीने जोडलेली आहेत आणि सुई बाईच्या हातात आहे.

पण आपल्याला एकमेकींबद्दल काय वाटतं? इकडची म्हणते, "तिला काय, मुंबईकरीण ती. दारात नळ, शेगडी पेटवायची, बसून खायचं. यात्रेला यायचं साडी मिरवत आणि दोन दिवसांत कंबर धरायची." तिकडची म्हणते, "तिला काय, मोकळी हवा, घरचं दूध. आम्ही मरमर करून पैसे पाठवतो, त्यावर चाललंय." दोघींनाही दुसरीचा दिवस माहीत नाही. पावसाळ्यात मात्र दोघी एक होतात. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं. १८ जुलै २०२१ च्या रात्री चेंबूर-विक्रोळीत दरडींनी माणसं नेली. तेव्हापासून मुसळधार पाऊस लागला की रात्री दोन्हीकडून फोन वाजतात. "जागी आहेस ना?" डोंगराखाली झोपणाऱ्या बाईचा हा एकच प्रश्न असतो.

मुंबईत आपल्या गावांची ग्रामस्थ मंडळं आहेत. यात्रेची वर्गणी, देवळाचा कळस, कुणी वारलं तर मदत, सगळं मंडळ बघतं. चांगलं काम आहे. मी एका मंडळाच्या सभेला गेले होते. तिथे बायका होत्या, पण आत चहा करत. कमिटीत एकही नाही. मी विचारलं तर अध्यक्ष म्हणाले, "त्यांना वेळ कुठे असतो, ताई?" खरंच आहे. पंधरा तास कामात गेल्यावर वेळ कुठून आणणार?

आता मी ज्यासाठी आले ती गोष्ट सांगते. नावं सांगणार नाही आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

दोन जावा. थोरली गावात, धाकटी उपनगरात. सुरुवातीला थोरला भाऊ मुंबईला होता. डोंगरावरची खोली त्याने घेतली. पैसे कमी पडले तेव्हा थोरलीने माहेरची बोरमाळ मोडली. पुढे वडील थकले, थोरला गावी शेती बघायला परतला आणि धाकटा बायकोला घेऊन खोलीत राहायला आला. खोलीचे कागद, विजेचं बिल, सगळं थोरल्याच्याच नावावर राहिलं. "घरातच तर आहे," असं सगळे म्हणाले. सोळा वर्षं धाकटीने ती खोली सांभाळली. पत्र्याच्या जागी स्लॅब घातला, लादी बसवली, कर्ज बचत गटातून फेडलं.

मग धाकटा वारला. त्याच सुमारास वस्तीत पुनर्विकासाची हवा आली. खोलीच्या जागी तीनशे चौरस फुटांचं पक्कं घर मिळणार. थोरले दीर गावाहून आले आणि म्हणाले, "आता तू मुलांना घेऊन गावी चल. खोलीचं मी बघतो. आणि जमिनीच्या हक्कसोडीवर सही कर, म्हणजे पुढे कटकट नको."

ती आमच्या केंद्रात आली. मी हिरिरीने कामाला लागले. आम्ही शिबिरांतून सांगत असतो की झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनेत घराचा करार नवरा-बायको दोघांच्या नावे होतो, ही चळवळीला बळ देणारी तरतूद आहे. मी कागद वाचायला घेतले आणि माझ्याच पोटात गोळा आला. कागद थोरल्याच्या नावे. म्हणजे दोघांच्या नावे करार झाला तर दुसरं नाव थोरलीचं लागणार. जी त्या खोलीत कधी राहिलीच नाही, पण जिची बोरमाळ तिच्या पायात पुरलेली आहे. आणि गावाकडे? वडिलोपार्जित जमिनीत धाकट्याचा हिस्सा होता. तो गेल्यावर वारस म्हणून धाकटीचं आणि मुलांचं नाव लागणार. ज्या वावरात थोरली वीस वर्षं खुरपत होती, तिथे तिचं स्वतःचं नाव नाही. एकीच्या घामावर दुसरीचा कागद.

मला कबूल केलं पाहिजे, तोवर मी थोरलीला विरुद्ध बाजू समजत होते. अर्ज लिहिताना 'दीर व जाऊ यांनी त्रास दिला' असं मी लिहून टाकलं होतं. ती काय म्हणते ते विचारलं नव्हतं. पदवी घेताना आम्हाला शिकवतात, सगळ्या बाजू ऐका. मी एक बाजू ऐकली होती, कारण दुसरी बाजू घाटाच्या वर राहत होती.

मी गावी गेले. थोरली कांदे निवडत बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, मला खोली नको. पण माझी बोरमाळ कुणी कुठल्या वहीत लिहिली का, तेवढं सांगा." मी गप्प. मग म्हणाली, "आणि तिनं सही केली ना, तर तिचं गेलं. पण माझं आलं असं नाय. मालकांचं आलं."

हे वाक्य मला पाच वर्षांच्या कामात सुचलं नव्हतं. हक्कसोड एका बाईकडून दुसऱ्या बाईकडे जात नाही, ती पुरुषाच्या खात्यात जमा होते.

पुढच्या महिन्यात दोघी जावा गावच्या घराच्या मागच्या पडवीत बसल्या. आधी भांडल्या. सोळा वर्षांचं साचलेलं होतं. कोण यात्रेत कुणाला काय बोललं इथपासून. मग रडल्या. मग एक गोष्ट ठरवली: यापुढे कुठल्याही कागदावर एकीने सही करायची ती दुसरी शेजारी बसलेली असताना. बाकी सगळं त्यातून निघालं. धाकटीने हक्कसोड केली नाही. तलाठ्याकडे वारस नोंद झाली, सातबाऱ्यावर तिचं आणि मुलांचं नाव लागलं. तिचा हिस्सा थोरली कसते आणि धान्य दोघी वाटून घेतात. गावातल्या घराच्या उताऱ्यावर थोरलीचं नाव नवऱ्याच्या जोडीने लागलं. दीर दोन महिने बोलले नाहीत, मग बोलायला लागले. खोलीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण धाकटी तिथेच राहते आहे आणि थोरलीने कार्यालयात येऊन सांगितलं आहे की ही माझी जाऊ आहे, हिला काढायचं नाही. जमिनीच्या उताऱ्यावर मात्र थोरलीचं नाव अजून नाही. ते काम बाकी आहे.

आता थोडं कायद्याबद्दल, कारण घरी गेल्यावर तुम्हाला विचारतील.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला. ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा हक्क जन्माने आहे, २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. तेव्हा भाऊबीजेच्या ओवाळणीत हक्कसोड मागितली तर विचार करून बोला.

कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा सांगतो की ज्या घरात तुम्ही कुटुंब म्हणून राहिलात, तिथून तुम्हाला बेकायदा बाहेर काढता येत नाही, कागद कुणाच्याही नावे असोत. हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नव्हे. दोन्हींत गल्लत करू नका.

पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी मैत्रिणींसाठी वेगळं सांगते. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. त्याच्या कलम २ मध्येच तसं आहे. म्हणून आम्ही 'मुलींना समान हक्क' अशी घोषणा देतो तेव्हा तुम्ही त्यातून बाहेर राहता, हे आम्ही मान्य केलं पाहिजे. पण २००६ च्या वनहक्क कायद्यात विवाहितांच्या बाबतीत दावा मंजूर झाल्यावर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यावा लागतो. ज्यांचे पट्टे मिळाले आहेत त्यांनी उद्याच कागद काढून दुसरं नाव बघा.

बायकांच्या नावाचा हा प्रश्न आजचा नाही. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन झालं आणि त्यानंतर लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करून दिली. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लिहायचं असा शासनाचा निर्णय आहे. मुलाच्या नावात आई आली, फार चांगलं झालं. आता ती घराच्या आणि वावराच्या कागदात आली पाहिजे.

मी काही मोठा कार्यक्रम देत नाही. तीन कामं देते. एक, सातबारा आणि घराचा उतारा काढा आणि स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या मुलीकडून वाचून घ्या, म्हणजे तिलाही कळेल. दोन, खोलीसाठी, विहिरीसाठी, मुलाच्या नोकरीसाठी तुमचं जे जे मोडलं, ते एका वहीत तारखेनिशी लिहा. थोरलीची बोरमाळ कुणी लिहिली नाही. तुमची तुम्ही लिहा. तीन, आज रात्री तुमच्या तिकडच्या जावेला, नणंदेला, बहिणीला फोन करा. पोतं पोचलं का, पैसे आले का, हे विचारायला नाही. "तू किती वाजता उठतेस?" एवढंच विचारा. आणि ती सांगेल ते मधे न बोलता ऐका.

पुढच्या शिबिराला येताना शक्य असेल तर तिला घेऊन या. दोघी एकाच सतरंजीवर बसलात की पुढचं बोलू.